धरणीबाबाच्या झेंड्याची तार

"हलली! हलली रे धरणी!"

वणीजवळच्या त्या गावात रोज दुपारी कडुनिंबाखाली दोनशे माणसं एकदम ओरडत. धरणीबाबा डोळे मिटून बसायचा, मध्येच तर्जनी वर करायचा, आणि तीन आकडे मोजून होतात न होतात तोच पायाखालची जमीन थरथरायची. कोसभरावरच्या कोळसा खाणीत सुरुंग उडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण दोनला उडतील की चारला, ते कोणी सांगू शकत नसे. बाबाला मात्र सेकंदासकट कळे.

"सुरुंग खाणीचा असन, पण बाबाच्या बोटाबिगर उडत नाई!" असं म्हणत लोक पालथे पडत. बोंडअळीने सलग दुसऱ्या वर्षी कापूस खाल्ला होता. कोणाच्या तरी हातात काहीतरी आहे, एवढं ऐकायलाच गाव आसुसलं होतं.

देवराव मात्र मागे उभा राहून जळत होता. फौजेत सिग्नलला, म्हणजे बिनतारी संदेशांच्या तुकडीत, वीस वर्षं काढलेला हा गडी. पण खरं सांगायचं तर विज्ञान त्याला नंतर आठवलं, आधी झाला तो मत्सर. त्याची बायको कांताबाई बाबासाठी दुधावरची साय काढून आणायची. देवरावच्या चहात ती साय चोवीस वर्षांत पडली नव्हती! त्यातून बाबाने तिला सांगितलं, "बेटी, तुझ्या रक्तात धरणीचा कंप हाये. गोळ्या फेक, अंगारा खा." तिने रक्तदाबाच्या गोळ्या खरंच बंद केल्या. आता उठताना तिला भिंत धरावी लागे.

"कांता, डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं होतं?"

"डॉक्टरीण धरणी हालवते काय? तुमाले दुसऱ्याचं चांगलं पाह्यवत नाई."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

जळणाऱ्या माणसाला बारीकसारीकही दिसतं. बाबाच्या झेंड्याच्या काठीला तांब्याची तार होती. देवाला एरियल कशाला? देवरावला फौजेतला शेवटच्या वर्षी आलेला नवा सेट आठवला. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा रेडिओ लागे. या एकाच डब्यातलं सॉफ्टवेअर बदललं की तो दुसराच रेडिओ होई. आता तसला रिसीव्हर अंगठ्याएवढा मिळतो, म्हणे. त्याने नागपूरहून मागवला, मोबाइलला जोडला आणि दोन दुपारी बांधावर बसून खाणीच्या वॉकीटॉकीचं बोलणं शोधलं. तिसऱ्या दुपारी सापडलं: "सब बाहर? रेडी. तीन, दो, एक..." आणि जमीन हलली.

दुसऱ्या दिवशी तो कानात इअरफोन घालून थेट बाबासमोर बसला. बाबा "तीन"ची वाट पाहत पुटपुटत होता. देवरावने "रेडी"वरच हात उचलला.

"आता!"

धरणी हलली. बाबाचं बोट अर्ध्यावरच राहिलं. सगळं गाव देवरावकडे वळलं. म्हाताऱ्या हंसाबाईने तर त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मग कांताबाई आली, हात जोडून.

"मले माईत नव्हतं जी. तुमी म्हणसान तं आत्ता गोळी घेतो."

हीच नजर त्याला हवी होती. फार गोड लागली. नुसतं "घे" म्हटलं की काम झालं असतं. पण उद्या तिसरा कोणी बोट वर करील, आणि ही त्याच्यासाठी साय काढील! या विचाराने त्याचा जीव पुन्हा जळला, आणि तो शुद्धीवर आला.

"ऊठ," त्याने इअरफोन तिच्या हातात दिला. "माह्यात काई नाई. खाणीतले लोक एकमेकायशी बोलतात, ते हे ऐकते." मग त्याने झेंड्याची तार ओढली. तारेमागोमाग बाबाची झोळी घसरत आली, आणि झोळीतून मोबाइल, तस्साच रिसीव्हर आणि बाबाच्या जटांत लपवलेला इअरफोन बाहेर पडला.

"शिऊ नका! नागमणी हाये तो!" बाबा ओरडला.

"माहा नागमणी कुरिअरनं आला," देवराव म्हणाला. लोक हसले, आणि त्या हसण्यातच बाबाने गाव सोडलं.

दुसऱ्या दुपारी कांताबाईने स्वतः इअरफोन लावला आणि "तीन" ऐकताच बोट वर केलं. जमीन हलली. ती आपल्या बोटाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग घरी येऊन तिने गोळी काढली.

"कोनाच्या बोटाले भिऊन घेत नाई," ती म्हणाली. "तुमच्याबी नाई. डॉक्टरीणबाईनं माह्यासमोर पट्टा बांधून मोजलं होतं, म्हणून घेतो."

देवरावला हे थोडं टोचलं. पण बरोबर तिचंच होतं. चमत्कार दिसला तर पाया पडण्याआधी झेंड्याची काठी तपासा, आणि तपासणारा तुमच्या घरातला असला, तरी त्याच्याही पाया पडू नका.