एका कान्याचा फरक

पाळकबाईंनी नवऱ्याच्या उजव्या कोपराखाली उशी सरकवली, त्यांच्या डाव्या तळव्यावर फोन ठेवला आणि बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटली.

"वाचा आणि पाठवा," त्या म्हणाल्या. "मी दूध बघते."

"नाही," पाळक म्हणाले.

"बरं."

पक्षाघाताने पाळकांची उजवी बाजू नेली होती आणि बोलण्यातला एवढा एकच शब्द मागे ठेवला होता. चहा हवा का? नाही. डोळ्यांवर ऊन येतंय का? नाही. झोप छान लागली का? नाही. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, हळूहळू वाचतातही, फक्त बाहेर पडताना शब्द वाटेत अडकतात. ज्याने उभा जन्म लोकांना देवाला हो म्हणायला शिकवलं त्याच्या तोंडी नेमकं हेच उरावं, याचं बाईंना सुरुवातीला रडू यायचं. आता कधीकधी हसू यायचं. सगळे सूर त्यांना पाठ झाले होते. लांबवलेला 'नाही' म्हणजे हो, तुटक 'नाही' म्हणजे पाणी, आणि मानेला हिसका देऊन म्हटलेला 'नाही' म्हणजे खरोखरच नाही. निदान त्यांची तशी समजूत होती.

फोनवर होतं ते आजचं मनन. दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला जमणाऱ्या साऱ्या मंडळीला रोज सकाळी पाळकांकडून चार ओळी जायच्या: देवावर भरवसा कसा ठेवावा, ठेवलेला कसा टिकवावा आणि तो टिकवता टिकवता शेजाऱ्याशी नीट कसं वागावं. आजारपणाआधी पाळक त्या स्वतः लिहायचे. दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी लिहून ठेवलेली मननं बाईंनी पुरवून पुरवून पाठवली. ती संपली त्या सकाळी त्यांनी एक स्वतः लिहिलं आणि खाली रोजच्यासारखं 'तुमचा पाळक' असं टाकलं. उद्या सांगून टाकू, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि तो उद्या आला तसा गेला.

सांगणं सोपं नव्हतं. घर मंडळीचं होतं, पाळकासाठी बांधलेलं. पाळक बदलला की घर सोडायचं. प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी दबक्या आवाजात विषय काढायचं की आता नवा माणूस आणावा, आणि प्रत्येक वेळी मंडळीचे सचिव छाती पुढे काढून म्हणायचे, "अहो, रोजचं मनन वाचता ना? जीभ अडली असेल, डोकं शाबूत आहे." मग विषय पुढच्या बैठकीवर जायचा. पुढची बैठक आज संध्याकाळी होती.

म्हणून बाई डोळ्यांत तेल घालून लिहायच्या. 'मी' हा शब्द तर त्यांनी वाळीतच टाकला होता. 'मी' आला की मागोमाग क्रियापद येतं, आणि आपल्या भाषेतल्या क्रियापदाइतकं चहाडखोर दुसरं काही नसेल. बाई बोलतेय की बुवा, हे ते लगेच सांगून मोकळं होतं. त्यामुळे सगळा कारभार 'आपण'च्या आडोशाने चालायचा. आपण विसरतो, आपण घाबरतो, आपण पुन्हा वळतो. 'आपण'मध्ये नवराबायको दोघंही मावत होते.

आज मात्र तो शब्द पुरेना. पहाटे अंथरूण बदलताना पाळक त्यांच्या हातून सुटले आणि भिंतीला घसटत खाली बसले. लागलं नव्हतं, पण उठवता येईना. बाईंनी ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, मग त्याही शेजारी फरशीवर बसल्या आणि छताकडे बघून देवाला वाट्टेल ते बोलल्या. इतकी वर्षं पाळकीण म्हणून गिळलेलं सगळंच बाहेर आलं. देवाच्या जागी एखादा शेजारी असता तर त्याने पुन्हा या घराची पायरी चढली नसती. पाळक बाजूला बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी डाव्या पायाने रेटा दिला, बाईंनी बगलेतून धरलं, आणि कसेबसे दोघं खुर्चीपर्यंत पोचले.

त्यानंतर बाईंनी लिहिलं ते असं:

'आज पहाटे मी देवाशी भांडलो. श्रद्धेचा माणूस भांडत नाही, असं आपण समजतो. पण परक्याशी कोण भांडतं? परक्यासमोर आपण नीट बसतो, गोड बोलतो आणि निघून येतो. भांडायला घरचंच माणूस लागतं. माझं सगळं ऐकूनही तो उठून गेला नाही, एवढंच आज सांगायचं आहे. तुमचा पाळक.'

'भांडलो'पाशी त्यांचं बोट अडलं होतं. ते खरं नव्हतं, आणि खरं लिहिलं तर घर जात होतं. त्यांनी 'लो' लिहिला, काना दिसतोय ना ते चष्मा लावून पाहिलं आणि पुढचं भराभर लिहून काढलं.

"झालं का?" आता त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही."

दूध वर यायला लागलं होतं.

"नाही, नाही." आवाज जरा चढला.

"हो, हो, पाठवा," बाई म्हणाल्या आणि पदराच्या टोकाने पातेलं उतरवलं.

बाहेर आल्या तेव्हा मनन गेलं होतं आणि पाळक खिडकीबाहेर बघत होते. एक बटण दाबायला आज बराच वेळ लागला, असं बाईंच्या मनात आलं. मग गोळ्या द्यायच्या होत्या, दाढी करायची होती, त्या गडबडीत ते मनातून गेलंही.

सचिव आले ते दुकान उघडं टाकून. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पहिल्यांदा पाटी लावली तेव्हा त्यांनी 'नवी दृष्टि' असं ऱ्हस्व काढून घेतलं होतं, आणि आशीर्वाद द्यायला आलेल्या पाळकांनी आधी पेंटरला बोलावून ती वेलांटी दीर्घ करून घेतली होती, मगच प्रार्थनेला डोळे मिटले होते. पाळकांचा स्वभावच तसा. गीतांच्या कागदावर अनुस्वार चुकलेला दिसला तरी ते गाणं पुरं होऊ द्यायचे, पण आमेन म्हणता म्हणता हात खिशातल्या पेनाकडे गेलेला असायचा.

"बाई, घोटाळा झाला," सचिव दारातूनच म्हणाले. मग भान येऊन खुर्चीकडे वळले. "पाळकसाहेब, कसं काय?"

"नाही."

"उत्तम, उत्तम." हे त्यांचं नेहमीचं होतं. त्यांनी आपला फोन बाईंच्या नाकासमोर धरला आणि दोन बोटांनी अक्षरं मोठी केली. "हे वाचा. काय लिहिलंय?"

'आज पहाटे मी देवाशी भांडले.'

"भांडले," सचिव म्हणाले. "आणि खाली, तुमचा पाळक."

बाईंनी डोळे बारीक करून ती ओळ पुन्हा वाचली.

"सकाळपासून माझा फोन थांबत नाहीये. दातांचे डॉक्टर विचारतात, हे नक्की भांडलं कोण? शाळेच्या मोठ्या बाई म्हणतात, मला आधीपासूनच वास येत होता. आणि आजच बैठक! पण घाबरू नका, मी तोड काढलीय." त्यांनी आवाज उगाच खाली आणला. "टायपिंगची चूक. नुसता काना राहिला, दुसरं काय? पाळकसाहेबांचा नंबर वाढलाय, नवा चष्मा करायचा राहिला, सगळा दोष माझ्या दुकानाचा. तुम्ही संध्याकाळी बैठकीत यायचं आणि मी विचारलं की फक्त हो म्हणायचं. बाकी मी सांभाळतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला. एका 'हो'मध्ये घर राहत होतं. ही खिडकी राहत होती, पुढच्या दोन खोल्या राहत होत्या, न्हाणीघराच्या भिंतीत नुकताच बसवून घेतलेला दांडा राहत होता, ज्याला धरून पाळक उभं राहायला शिकत होते. एवढ्या सगळ्याच्या मानाने एक काना म्हणजे काहीच नव्हता.

"काय पाळकसाहेब?" सचिवांनी जाता जाता विचारावं तसं विचारलं. "चूकच ना ती?"

"नाही."

सचिव खळखळून हसले. "बघा! लोकांच्या वेलांट्या काढणारा माणूस, स्वतःची चूक कशी कबूल करेल?"

बाई हसल्या नाहीत. मानेला हिसका बसलेला त्यांनी पाहिला होता. आणि आता त्यांना आठवलं की काना त्यांनी दिला होता. त्यासाठी चष्मा लावला होता. पाणी पिताना पेल्याभोवती थरथरणाऱ्या त्या डाव्या अंगठ्याकडे त्या बघत राहिल्या. त्या अंगठ्याने आधी ती जागा शोधायची, तिथलं पुसायचं, मग त्या जागी दुसरं बसवायचं. दूध वर येईपर्यंत एवढाच उद्योग चालला असणार. आणि ते त्यांना हाक मारून सांगत होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, हो, हो, पाठवा.

त्यांना राग आला, चांगलाच आला. स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर जातंय आणि या माणसाचा हात अजून पेनाकडे! पण पहाटे फरशीवर शेजारी बसून सगळं ऐकणारा तोच होता. भांडण कुणाचं हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? बायकोचं भांडण त्याने आपल्या नावावर घेतलं नाही, एवढंच त्याने केलं होतं.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "चूक नाही ती. बरोबर आहे. मीच भांडले."

"म्हणजे... आजचं तेवढं तुम्ही लिहिलंत?"

"आजचं तेवढं नाही. दवाखान्यातून घरी आलो तेव्हापासूनची सगळीच."

सचिवांनी मागे न बघता हाताने स्टूल चाचपलं आणि त्यावर बसले. फोनवर ते जुनी मननं मागे मागे सरकवत गेले.

"ते आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचं होतं," ते म्हणाले. "की देवाला सांगण्यासारखं काही सुचलं नाही तर नुसता हात धरून बसा, चालतं. आईच्या शेवटच्या दिवसांत मी ते तिला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, पाळक आता कुठे बोलायला लागला."

"ते पण मीच."

"हं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "मग बैठकीत मी काय सांगू?"

"हेच सांगा."

"घर जाईल, बाई. मी एकटा हात वर करीन, पण बाकीच्यांचं मला सांगता येत नाही. महिना दोन महिने मुदत मिळेल फार तर."

"माहीत आहे."

सचिव चहा न घेताच उठले. पाळकांपाशी क्षणभर घुटमळले, त्यांच्या उजव्या, निर्जीव हातावर हात ठेवला आणि निघाले.

दार लागलं तशा बाई नवऱ्यावर उसळल्या. "कळतंय का, काय करून बसलात? कुठे जायचं आपण? तो दांडा भिंतीतून उपटून काखोटीला मारून न्यायचा का? मला विचारायचं तरी होतंत!" आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं की विचारलं होतं. पाळकांनी आपला एकुलता एक शब्ददेखील काढला नाही. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनाही घर हवं होतं, हे बाईंना तेव्हा दिसलं. त्यांनी जवळ जाऊन आपल्या पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

भीती वाटत होती, साधी, घर जाऊ घातलेल्या बाईची भीती. पण तिच्या जोडीला हलकंही वाटत होतं, आणि अशा वेळी हलकं वाटावं याची त्यांना लाज वाटली.

दारावर टकटक झाली. सचिव परत आले होते. या खेपेला ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच बुटांच्या टोकांकडे बघत उभे राहिले.

"एक विचारायचं राहिलं. म्हणजे मला नाही विचारायचं. बायको सकाळपासून मागे लागलीय."

"काय?"

"त्या भांडणाचं पुढे काय झालं म्हणून." सचिवांनी घसा साफ केला. "तिचंही चालू आहे म्हणे. धाकटा गेला तेव्हापासून. एका ताटात जेवतो आम्ही, बाई, एका बाकावर बसून गाणी म्हणतो, आणि मला पत्ता नाही."

सचिवांच्या धाकट्या मुलाला पुरलं तेव्हा बाई त्याच्या आईच्या शेजारी उभ्या होत्या. देवाची इच्छा, असं तिच्या कानात म्हणाल्या होत्या.

"मिटलेलं नाही म्हणावं अजून," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना इकडेच पाठवून द्या."

"कधी?"

"संध्याकाळी. तुमची बैठक होऊ दे. मी घरीच आहे."