यंदाचा किल्ला अल्काट्राझ

अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या सह्याद्री मंडळात दिवाळीच्या किल्ल्यावरून भांडण झालं नाही असं एकही साल गेलेलं नाही. कधी माती कमी पडते, कधी रायगड दोन गटांना हवा असतो. यंदा मात्र वसुधाकाकूंच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या पोरांनी कहर केला. म्हणे, आम्ही अल्काट्राझ करणार. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं ते तुरुंगाचं बेट!

या कटाची सूत्रधार काकूंचीच नात नैना, वय वर्षं तेरा. तिचं म्हणणं असं, की लोक तिथे जातात, नामचीन गुंडांच्या कोठड्यांत सेल्फी काढतात आणि परत येतात. पण १८९५ साली होपी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या एकोणीस जणांना त्याच बेटावर कोंडलं होतं, त्याचं कोणाला काही नाही. त्यांचा गुन्हा काय, तर आपली मुलं सरकारी शाळेत धाडायला ते तयार नव्हते.

आता वसुधाकाकू म्हणजे नाशकात तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई. पोरं शाळेत यावीत म्हणून गल्लोगल्ली फिरून आईबापांशी भांडलेली. त्या पटकन बोलून गेल्या, "मग चूक त्यांचीच की. शाळेत नको घालायला?"

नैनाने भुवया चढवल्या आणि इंग्रजीतून आजीला चांगलं सुनावलं. त्या शाळांमध्ये मुलांना घरापासून तोडायचे, केस कापायचे, घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा करायचे. तुझी रविवारची शाळा त्याच्या बरोबर उलटी आहे, आजी, असंही वर म्हणाली.

काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन चकलीचं पीठ नको इतकं मळलं. लाज वाटली, सरळ लाज वाटली. आणि लाज वाटली की काकूंना राग येतो, राग आला की त्या कामाला लागतात.

नैनाच्या शाळेतल्या ग्रंथपाल डार्लीनबाई होपी होत्या. त्यांचे पणजोबा त्या एकोणिसांतले. दुसऱ्याच दिवशी काकू त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि अल्काट्राझचा किल्ला करायची परवानगी मागितली. डार्लीनबाईंनी आधी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, करा, पण आमच्या माणसांच्या बाहुल्या बसवू नका. कोठड्या रिकाम्या ठेवा आणि कोण होते ते पाटीवर लिहा. काकूंनी तिथल्या तिथे त्यांना दिवाळीचं आमंत्रण देऊन टाकलं. गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कमिटीने अजून हो म्हटलेलंच नाही. आता नकार आला तर त्या बाईंना तोंड कसं दाखवायचं?

कमिटीचे अध्यक्ष मनोहरकाका नागपूरचे, नियमाला मुंगळ्यासारखे चिकटणारे. दिवाळीचा किल्ला म्हणजे स्वराज्याचा किल्ला, ते म्हणाले, हा तर सरकारी तुरुंग. सणासुदीला असलं रडगाणं कशाला? व्हिसावर आलेल्या दोघांनी हळूच पुस्ती जोडली, की इथल्या भानगडीत आपण कशाला पडा यार. माना डोलायला लागल्या. मग मनोहरकाकांनी हुकमाचं पान टाकलं, की महाराज कुठे बसवणार ते सांगा.

"महाराज आग्र्याला कैदेत होते, मनोहरराव," काकू म्हणाल्या. "तो देखावा करायचा म्हटला, तर तुम्ही पहाऱ्यावर उभे राहाल की पेटाऱ्यांपाशी?"

मनोहरकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माणूस हट्टी खरा, पण मनाचा खोटा नाही.

"माती माझ्या गॅरेजमधून न्या," ते म्हणाले.

मंडळाच्या हॉलमध्ये किल्ला झाला. निळ्या ताडपत्रीची खाडी, हळीव उगवलेले कडे, रिकाम्या कोठड्या, सताड उघडी दारं. एकही मावळा नाही. समोर मराठीत आणि इंग्रजीत पाटी. दिवाळीच्या दिवशी रायगड-प्रतापगड सोडून अख्खं मंडळ तिथे लोटलं. आया पाटी वाचायच्या आणि आपल्या पोरांना जवळ ओढायच्या.

डार्लीनबाई आल्या आणि त्यांनी पाटी शेवटपर्यंत वाचली. मनोहरकाकांनी स्वतः माइक त्यांच्या हातात दिला. त्या इंग्रजीत आभाराचं थोडं बोलल्या, थांबल्या, आणि होपीत सुरू झाल्या. कोणाला एक अक्षर कळत नव्हतं. चिवड्याच्या प्लेटा हातातच राहिल्या. दोन-तीन वाक्यांनी त्या अवघडल्या. माफ करा, म्हणाल्या, तुम्हाला हे समजत नसणार, इंग्रजीतून सांगते.

वसुधाकाकू खुर्चीवरून उठल्या. एरवी त्यांचं इंग्रजी अडखळायचं, आज अडखळलं नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "तुमच्याच भाषेत बोला. जी सरकारवाले मुलांच्या तोंडून काढून घ्यायला निघाले होते, ती आमच्या पोरांना ऐकू दे."

डार्लीनबाईंनी डोळे पुसले, हसल्या आणि मन भरेपर्यंत होपीत बोलल्या. सगळ्यांत आधी मनोहरकाका उभे राहिले, मग अख्खा हॉल उभा राहिला, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत कोणीही खाली बसलं नाही.