इन्शाचं काडतूस

माझ्या जावयाला, अर्सलानला, एक वाईट खोड आहे. दुसऱ्यासाठी वाढलेलं ताट तो आपल्यापुढे ओढतो आणि वर म्हणतो, “खाला, भात जरा थंडच आहे.” माझ्या बहिणीचाच मुलगा तो, मी त्याची खाला, म्हणजे मावशी, म्हणून जावई असूनही मी त्याला अरे-तुरे करते. त्याच्याच घरात राहते, तरी करते.

आता हेच बघा. इथे आखातात, देऱ्यात त्याचं कार्गोचं ऑफिस. त्याचा भागीदार अबू सैफ हा खोर फक्कानचा अरबी, शिकारीचा शौकीन. त्याने शूटिंग क्लबात माझ्या नातीला, इन्शाला, नेम मारताना पाहिलं आणि डिस्कव्हरी गार्डन्सला आमच्या घरी, माझ्यासमोर सोफ्यावर बसून सांगितलं, “ये लडकी हमारे साथ अमेरिका आएगी, एल्क का शिकार करेगी. बाप भी आए.” बापाचं नाव मागून आलं, हे मी या कानांनी ऐकलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, चांगला घोड्याएवढा.

आठवडा झाला नाही तोच अर्सलान बिल्डिंगभर सांगत सुटला, “मला इन्व्हिटेशन आहे. इन्शा येतेय व्हिडिओ काढायला.”

पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिची आई, माझी अजरा, नवऱ्यापुढे गप्पच. गप्प राहायला ती माझ्याकडून शिकलेली नाही, एवढं नक्की.

त्यातच तिकडच्या शिकारवाल्यांचा निरोप आला. कोण कुठलं काडतूस वापरणार ते कळवा, त्याप्रमाणे रायफल तयार ठेवू. अर्सलानने क्लबातून दोन रिकामी काडतुसं आणून जेवणाच्या टेबलावर उभी केली. एक लांब, जाडजूड, थ्री हंड्रेड मॅग्नम. अबू सैफ तेच वापरतो, मग यालाही तेच हवं. दुसरं इन्शाचं, आखूड. त्याचं नाव सेव्हन एमएम झिरो-एट, अगदी टेलिफोन नंबरासारखं.

“हे बायकांचं काडतूस, खाला. याने एल्कला फक्त खाज सुटेल.”

“पप्पा, इट्स इनफ. इफ आय प्लेस इट राइट.”

“इफ! जंगलात इफ चालत नाही. मॅग्नम कुठेही लागू दे, जनावर खलास.”

“पोटात लागलं तर?” मी विचारलं.

“खाला, तुम्हाला यातलं काय कळतं?”

मी चौथीत शाळा सोडली, खरं आहे. पण शिकारबंदी यायच्या आधी, रत्नागिरीकडच्या आमच्या गावात, अब्बा सांबराला जायचे तेव्हा सुरी घेऊन त्यांच्यामागे मी धावायचे. आमच्या घरात नुसत्या गोळीने मेलेलं खात नाहीत. जीव आहे तोवर सुरी फिरायला हवी, म्हणून जनावर जागीच पडायला हवं. पोटात गोळी घेऊन ते पळालं की कुठल्या तरी झाडीत तडफडून मरतं, आणि मग ते मुरदार, खायला हराम. असं झालं की अब्बा त्या दिवशी जेवत नसत. ते म्हणायचे, बंदूक मोठी असून भागत नाही, चाप ओढताना माणूस दचकायला नको.

दचकतो कोण, हे ओळखायची त्यांची एक रीत होती. ती मी वापरायची ठरवली.

शुक्रवारी अर्सलान, इन्शा आणि अबू सैफ सरावाला निघाले, तेव्हा अबाया चढवून मीही क्लबात गेले. बंदुका भरून देणाऱ्या उस्तादाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “दोघांनाही द्यायच्या काडतुसांत एकेक खोटं, न उडणारं घाला. कुठलं ते सांगू नका.” तो हसला. त्याला हे नवीन नव्हतं.

पहिला बार अर्सलानचा. केवढा आवाज! खांदा असा मागे गेला की मला वाटलं, आता हाडवैद्य शोधावा लागतो. दुसऱ्यांदा त्याने चाप ओढला आणि नुसतंच ‘टक्’ झालं. बार नाही, धक्का नाही. तरीही नळी वीतभर खाली गेली होती, डोळे गच्च मिटलेले, मान खांद्यात. सगळ्यांनी पाहिलं. अबू सैफ भला माणूस, तो आपल्या गाव्याच्या, त्या कडू अरबी कॉफीच्या, कपात बघत बसला.

मग इन्शा. तिसऱ्या वेळी तिचं ‘टक्’ झालं. नळी भिंतीवर चित्र काढल्यासारखी तिथल्या तिथे.

“नानी, डिड यू डू दिस?” ती नळी न हलवता हसली.

मला वाटलं, आता तरी अर्सलान शहाणा होईल. तो खांदा चोळत माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, “ठीक आहे, खाला, तुमचंच खरं. मीही छोटंच काडतूस घेतो. शिकारवाल्यांना एकच रायफल सांगतो, माझ्या नावाने. इन्शाने व्हिडिओच काढू दे. पोरगी बंदूक चालवतेय आणि बाप मागे उभा, लोक काय म्हणतील?”

इन्शा रायफल ठेवायला वाकली होती, ती तशीच थांबली. तिने ऐकलं होतं.

मी उठले. अबू सैफलाही ऐकू जावं म्हणून नाही, पण माझा आवाज मुळातच लहान नाही.

“इन्शा, मोबाईल काढ. तुझं नाव, तुझं काडतूस, आत्ता पाठव. यल्ला, चल.”

“नानी, पप्पा विल...”

“पप्पांचं मी बघते.” तिने मेसेज पाठवल्याचं डोळ्यांनी पाहिलं आणि मग मी त्याच्याकडे वळले.

“ऐक, अर्सलान. माझा व्हिसा तुझ्या सहीवर आहे, रद्द करायचा असेल तर उद्याच कर, मी बॅग भरते. बंदुकीला घाबरतोस, त्यात लाज नाही, चांगली माणसं घाबरतात. पण आपली भीती झाकायला पोटच्या पोरीच्या हातातलं काढून घेतोस, हे नामर्दाचं काम आहे. निमंत्रण तिचं होतं, बंदूक तीच चालवेल. तुला जायचं असेल तर तिच्या मागून चाल, नाहीतर घरी बस.”