वळसा

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तशा सासू-सुना दोघीही दचकल्या. सुवर्णानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"दीड वाजला," रंगुबाई म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. लेक ईश्वर जर्मनीत सुखरूप उतरल्याचं कळेपर्यंत घेणारही नव्हत्या. "हौसराव गेल्या साली जर्मनीला गेला, तवा बाराला फोन आलता."

हौसराव आणि ईश्वर कारेगावजवळच्या एकाच कंपनीत. नवं मशीन शिकायला यंदा ईश्वरची पाळी लागली होती, तीन महिन्यांसाठी.

"आत्या, हौसरावांचं विमान पाकिस्तानवरून सरळ गेलं. आता संसदेवरच्या हल्ल्यापायी एक तारखेपासनं आपल्या विमानांना त्यांचं आभाळ बंद, त्यांच्या विमानांना आपलं. रेडिओवर सांगितलं न्हाई का? आपला उसाचा ट्रॅक्टर ओढ्याकडून जातो, तसं आता समुद्रावरून वळसा."

आभाळाचं रंगुबाईंना कळलं नसतं, पण अडवलेली वाट बरोबर कळली. बांधावरून भांडण झालं आणि दिवाळीपासून त्यांच्या चुलत दिरानं, ज्योतिबा आप्पांनी, वाटेवर बाभळीचे काटे टाकले होते.

"म्हंजी तासभर जादा?"

"दोन धरा." सुवर्णा उठली. "पण फोन आप्पांकडंच येणार. आपल्याकडं फोन न्हाई, कंपनीच्या फॉर्मावरबी त्यांचाच नंबर दिलाय, भांडणाच्या आधी."

"त्या दारात पाय ठेवायचा न्हाई!"

"मग पाणी कवा पिणार तुम्ही?"

ती पाच वर्षांच्या लेकीचं, प्राचीचं, बोट धरून निघाली. ओढ्याकडून नाही, थेट. काठीनं काटे बाजूला सारले, पदर खोचला आणि आप्पांच्या गव्हातून चालत सुटली.

"कोन हाय रं गव्हात?" आप्पा ओसरीवरून ओरडले.

"मी सुवर्णा, आप्पा! तुमच्या पुतण्याच्या विमानाला पाकिस्ताननं वाट दिली न्हाई. तुम्ही तरी मला द्या."

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "मानसाला कुठं आडवलंय? ट्रॅक्टरला आडवलंय. बस."

आत्यांनी सकाळपासून पाणी घेतलं नसल्याचं सुवर्णा सांगत होती, तोच अडीचला फोन वाजला. रिसीव्हर आप्पांनीच झडप घालून उचलला. "कोन, ईश्वर? पोचलास का, लेका? लय लांबनं नेलं म्हणं! थंडी हाय का? कानटोपी घाल!" मग कुठं तो सुवर्णाच्या हाती आला, आणि ईश्वरच्या फोनकार्डाचे पैसे संपेपर्यंत जेमतेम चार शब्द झाले. चार पुरेसे होते. आवाज ठणठणीत होता.

"जा आता, वहिनीला पाणी पाज," आप्पा म्हणाले. "आन् जाताना काटं परत लाव."

सुवर्णाला हसू आलं. तिनं काटे लावले, अगदी होते तसे. प्राची बघत उभी राहिली.

"आई, पप्पा घरी येतील, तवा आभाळ उघडं असंल?"