फेरमोजणी

भूमिकाने फुप्फुसाचा दम मोजायच्या मशीनला नवी कागदी नळी खोचली, योगेंद्रच्या हातात दिली आणि हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली, कारण हळद सहा दिवसांवर आणि नवरदेवाची छाती मोजायला नवरीच पारोळ्याला त्याच्या घरी हजर! करोनाने देशाच्या छातीत किती दम शिल्लक ठेवलाय, त्याचा सर्व्हे. या घराची मोजणी दिपमालाने केव्हाच केली होती. पण दहातलं एक घर दुसऱ्याने पुन्हा मोजायचं असा नियम, आणि यादीत हे नाव दिसताच भूमिकाने सगळ्यांआधी हात वर केलेला. दिपमाला तिची सर्व्हेतलीच जिवलग मैत्रीण, योगेंद्रची मावसबहीण, आणि हे स्थळ आणलं तेही तिनेच.

“राहू दे ना बेटा,” योगेंद्रची आई वच्छलाबाई आतून म्हणाल्या. “त्यानं काय मोजस? बठ्ठं ठीक शे.”

“आई, सगळं ठीक असलं तरी नियम म्हणजे नियम. लाच म्हणून चहा चालेल!” मग योगेंद्रकडे वळून, “हं, फुंक मारा, जोरात. केळीचा ट्रक हॉर्न मारतो तशी.”

योगेंद्रने फुंकलं. अर्ध्यातच खोकला आला. पडद्यावर १.९ लिटर; धडधाकट माणसाचं तीनच्या वर येतं.

“अहो, चेष्टा नको.”

दुसऱ्यांदा १.८. त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, कपाळावर घाम. चेष्टा करणारा माणूस असा दिसत नाही. टॅबवर दिपमालाची नोंद समोरच होती.

“मागच्या वेळी ३.१ आलंय.”

“ते माझं नव्हतं.” त्याने नळी खाली ठेवली. “दिपानेच फुंकली. माझ्या नावाने.”

भूमिकाने नोंदीखालचं दिपमालाचं नाव पुन्हा वाचलं.

“दुसऱ्या लाटेत सतरा दिवस ऑक्सिजनवर होतो. दिपा म्हणाली, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू.”

“मला म्हणाली होती, साधा ताप येऊन गेला.”

“खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस.”

“विचारलं होतं मला कुणी?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. भूमिकाचा फोन वाजला. दिपमाला. तिने फोन उलटा ठेवला.

जुना आकडा ठेवला असता तर दिपमालाची नोकरी वाचली असती आणि देशात एक धडधाकट माणूस वाढला असता. भूमिकाने १.९ भरलं. एवढा कमी आकडा आला की टॅब पुढचे प्रश्न उघडतो. तिने ते अनोळखी घरात वाचावेत तसे वाचले.

“गेल्या महिन्यात दम लागल्यामुळे किती दिवस कामावर गेला नाहीत?”

“नऊ.”

“जिना चढता?”

“मध्ये बसावं लागतं.”

वच्छलाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

“घरात तुमची काळजी कोण घेतं?” खाली तीन पर्याय होते: आई, पत्नी, इतर.

“भूमिका,” योगेंद्र म्हणाला, “ऐक ना.”

तिने ‘आई’वर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवून दिला.