नैरोबीला निघालेल्या डोळकाड्या

जालन्याबाहेर हुकमचंदशेठची मोसंबीची बाग होती. कडूबा तिथं बारा वर्षं कलमं बांधत होता आणि त्याच्या हातानं खुंटाच्या सालीत भरलेला कोंबाचा डोळा सहसा वाया जात नसे. पंचावन्न सालच्या कार्तिकात शेठचा पुतण्या बजरंगलाल याचं आफ्रिकेतून, नैरोबीहून पत्र आलं. त्यानं तिकडं जमीन घेतली होती, कलमासाठी जंबेरी लिंबाचे खुंट वाढवले होते, आणि त्यांच्यावर भरायला घरच्याच मोसंबीच्या डोळकाड्या, म्हणजे डोळे असलेल्या कापलेल्या काड्या, त्याला हव्या होत्या. मुंबईहून आता विमान येतं, त्यानं पाठवा, असं त्याचं म्हणणं.

झाडावरून उतरवलेल्या काडीत जीव थोडेच दिवस टिकतो, हे कडूबाला पक्कं ठाऊक. नैरोबी किती लांब, हे मात्र कुणालाच सांगता येईना. शेठनं मुंबईला विमानाच्या कचेरीत लिहून विचारलं. उत्तर आलं, सुमारे अठ्ठावीसशे मैल. वाटेत एडनला उतरून तेरा-चौदा तास.

शेठ खूश झाले. आज कापलेली काडी उद्या बजरंगच्या हातात पडेल, असं त्यांना वाटलं.

"विमानाचं झालं," कडूबा म्हणाला. "पर शेठजी, इथून विमानापर्यंत किती? आन् उतरल्यावर शेतापर्यंत किती?"

मग दोघं ओट्यावर बसून मोजू लागले. मनमाडवरून मुंबईला एक दिवस. विमान आठवड्यातून दोनदाच, तेव्हा दोन दिवस थांबण्याचे. एक दिवस विमानाचा, एक पुढच्या वाटेचा. पाच झाले. कडूबानं सहा धरले.

आधी पारखून बघायला त्यानं ओल्या शेवाळात गुंडाळून काड्यांच्या दोन जुड्या बांधल्या. एक माठाखालच्या वाळूत ठेवली, दुसरी दुपारी तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत. सातव्या दिवशी दोन्हींतले डोळे काढून खुंटांवर भरले. तीन आठवड्यांनी बांधलेलं केळीचं सोपट सोडलं, तर पत्र्याखालचे सगळे काळे पडलेले. वाळूतल्या बारांपैकी नऊ हिरवेगार होते. बायकोला, सगुणाबाईला, त्यानं बागेत नेऊन ते एकेक करून दाखवले.

वाटेत जुडी गार राखणं दुसऱ्या कुणावर सोडवेना, म्हणून पौषात तो स्वतःच मुंबईला निघाला. मोठं स्टेशन आलं की उतरून जुडीवरच्या गोणपाटावर पाणी शिंपडायचा. सांताक्रूझच्या विमानतळावर सामान घेणाऱ्या बाबूला त्यानं विचारलं, वर ऊन फार लागतं का.

"ऊन कुठलं?" बाबू म्हणाला. "सामानाच्या जागेत चांगलीच थंडी असते."

थंडीचा विचार कडूबानं केलाच नव्हता. खांद्यावरची घोंगडी काढून त्यानं ती जुडीला घट्ट गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. परत येताना मनमाडच्या फलाटावर तो घोंगडीवाचून अंग आवळून बसला होता, पण चिंता त्याला काड्यांचीच होती.

चैत्रात पत्र आलं. तीस डोळ्यांपैकी एकोणीस फुटले होते. शेठनं ते दोनदा वाचून दाखवलं.

"अकरा गेले, ते जुडीच्या बाहेरच्या काड्यांचे होते का, तेवढं विचारा," कडूबा म्हणाला. "मंग पुढल्या खेपेला बराबर बांधता येईल."

शेठनं लगेच कागद ओढला आणि कडूबा सांगेल तसं ते लिहू लागले.