तिसरा मजला, स्वतःचा

टपालबाईंनी घर विकून भाड्याने राहायचं काढलं आणि परगावी राहणाऱ्या लेकाच्या पायाखालची वाळू सरकली. त्याच रविवारी स्वारी लॅपटॉपसकट हजर.

तीस वर्षं घरोघर पत्रं वाटून बाईंचे गुडघे कामातून गेले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या नावाने शंख! गेले बारा दिवस त्यांनी रस्ता पाहिला तो खिडकीतूनच. सगळं गाव पालथं घातलेल्या बाईला हे फार लागलं होतं.

"हे बघ आई," लेकाने स्क्रीन फिरवली. "भाडं दर वर्षी वाढणार. इथे तू फुकट राहतेस. आणि उद्या मालकाने बाहेर काढलं तर?"

"तो नाही काढायचा. पोस्टामागचं तळमजल्याचं घर आहे. एकोणीस वर्षं तिथे एकाच नावाची पत्रं टाकली मी, नंतरची अकरा दुसऱ्या एका नावाची. मालक खडूस असला की पाकिटावरची नावं वर्षावर्षाला बदलतात. तुझ्या या डबड्याला ते काय कळणार?"

"आणि पाइप फुटला की?"

"मालक बघेल. इथे फुटला तेव्हा कोण आलं होतं? मीच होते, बादली घेऊन."

लेक हसला, पण हट्ट सोडेना. मग बाईंनीच विचारलं, "तू आजवर किती घरं बदललीस?"

"सहा. सगळी भाड्याची."

"एखादं घेत का नाहीस?"

"नोकरी कुठे नेईल, काय सांगावं? मोकळं असलेलं बरं." तो जरा घुटमळला. "आणि सगळं फिसकटलंच, तर परतायला हे आहे ना. म्हणून तर बिनधास्त फिरतो गं."

बाईंना आता कळलं. एवढा मोठा बाप्या, पण घाबरला होता. तरी त्या बोलल्याच, "बाळा, तू मोकळा राहावास म्हणून मी इथे वर अडकलेय."

लेकाने लॅपटॉप मिटला.

"तिथे माझी एक गादी मावेल?"

"दोन खोल्या आहेत. मावेल की."

"मग चल, बघून येऊ."

एका हाताने कठडा, दुसऱ्याने लेकाचा खांदा धरून बाई निघाल्या. अठ्ठावन्न पायऱ्या उतरायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत लेकाने भाड्याचा विषय काढला नाही.